व्यायाम आणि श्वासमार्ग : एका रुळलेल्या विधानाची चिकित्सा

सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांस व्यायाम हितकर आहे, हे विधान वैद्यकीय वाङ्मयात इतके रुळले आहे की, तो नेमका कशासाठी हितकर, असे विचारणेही अप्रस्तुत वाटावे. परंतु श्वासमार्गापुरते पाहिले तर या एका विधानात तीन निराळी विधाने मिसळली आहेत. व्यायामाने कफ सुटतो, श्वासमार्गाच्या अस्तरातून होणारे क्षारांचे वहन बदलते आणि आयुष्य वाढते. पुरावा एकाचा व निष्कर्ष दुसऱ्याचा, असा प्रकार वारंवार घडतो.

निक्सन, ओरेन्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९२ सालच्या निबंधाच्या वाट्याला हेच आले. त्यांनी १०९ रुग्णांची व्यायामचाचणी घेऊन आठ वर्षे त्यांचा मागोवा घेतला. प्राणवायू वापरण्याची क्षमता सर्वाधिक असलेल्या गटातील ८३ टक्के रुग्ण हयात राहिले. मधल्या गटातील ५१, तर सर्वांत खालच्या गटातील अवघे २८ टक्के. आकडे थक्क करणारे आहेत. मात्र येथे मापली गेली ती क्षमता, व्यायाम नव्हे. ही क्षमता सौम्य रोगाची केवळ खूणही असू शकेल, असे लेखकांनी स्वतःच म्हटले होते. पुढील अनेकांनी आकडे उचलले आणि हे वाक्य मागे ठेवले.

क्षारवहनासंबंधी हेबेस्ट्राइट प्रभृतींचा २००१ सालचा प्रयोग अधिक मूलगामी आहे. या रोगात क्लोराइडचा मार्ग सदोष असतो, सोडियम प्रमाणाबाहेर शोषले जाते व श्वासमार्गाचा पृष्ठभाग कोरडा पडून कफ चिकट होतो. व्यायाम चालू असता सोडियमचे हे शोषण मंदावते, असे त्यांना रुग्णांच्या नाकातील विद्युद्दाब मोजून आढळले. नाकाचे अस्तर श्वासनलिकांच्या अस्तराशी मिळतेजुळते खरे. तरी नाकातील मापनावरून खोल नलिकांतील कफाविषयी बोलणे म्हणजे उंबरठ्यावरून माजघराचे वर्णन करणे होय.

येथे ड्वायर व सहकाऱ्यांचा २०११ सालचा छोटा, पण नेटका प्रयोग उपयोगी पडतो. त्यांनी १४ प्रौढ रुग्णांना एके दिवशी ट्रेडमिलवर चालविले, एके दिवशी सायकलवर बसविले व एके दिवशी नुसते विश्रांतीत ठेवले. दोन्ही व्यायामांची तीव्रता सारखीच, प्रत्येकाच्या कमाल प्राणवायूवापराच्या ६० टक्के. दोहोंतही उच्छ्वासाचा वेग वाढला. परंतु विश्रांतीच्या तुलनेत कफाचा घट्टपणा निश्चितपणे उतरला तो ट्रेडमिलनंतरच. सोडियमचे शोषण मंदावणे हेच मुख्य कारण असते, तर सायकलनेही तेच साधावयास हवे होते. तेव्हा पावलागणिक धडाला बसणाऱ्या हादऱ्यांकडे लक्ष वळते. व्यायामाचा प्रकार गौण समजणाऱ्या लेखनास हा निष्कर्ष अडचणीचा आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. छातीवर थापट्या मारून वा श्वसनतंत्राने कफ काढण्यात या रुग्णांचा रोजचा बराच वेळ जातो, आणि ‘धावलास तर ते नको’ हा सल्ला कोणाही तरुण रुग्णास हवासाच वाटेल. एका बैठकीत कफ सुटणे निराळे आणि वर्षभर श्वासमार्ग मोकळे राहणे निराळे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅक्टिव्हेट-सीएफ या चाचणीत ११७ रुग्ण होते. आठवड्यास तीन तास जादा जोरदार व्यायाम सांगितलेल्या गटाची व्यायामक्षमता वाढली; पण पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणाऱ्या हवेचे माप सहा महिन्यांनी तुलनागटातच किंचित सरस निघाले. नव्या औषधांच्या आगमनाने ही चाचणी नियोजित संख्या गाठण्यापूर्वीच आटोपती घ्यावी लागली, हेही तिच्या निकालाबरोबर वाचले पाहिजे.