खानदेशी गीतांची वेष्टने आणि बोलीचे लेखन

१९४० च्या सुमारास अलेक्स स्टाइनवाइस याने कोलंबिया कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांना चित्रमय आवरण दिले. तोपर्यंतचे पाकीट बहुधा तबकडी सांभाळण्यापुरते असे. यापुढे ते गीत कानी पडण्याआधीच ग्राहकाशी बोलू लागले. ते कोणत्या भाषेत बोलते, हा प्रश्न बोलीगीतांच्या बाबतीत अधिक अवघड होतो.

मोसम नदीच्या काठचे नामपूर हे बागलाणातील अहिराणीभाषी गाव. येथील श्रोता शाळेत प्रमाण मराठी शिकतो आणि घरी अहिराणी बोलतो. तो वाचतो एका भाषेत आणि गाणे ऐकतो दुसरीत. वेष्टनकाराला या दोहोंच्या सांध्यावर मजकूर बसवावा लागतो. तबकडीचे बारा इंची आवरण जाऊन ध्वनिफितीची चिठ्ठी आली आणि आता यूट्यूबवरील लघुचित्र आले. जागा आकसत गेली, तसा शीर्षकावरील भार वाढत गेला.

'बबल्या इकस केसावर फुगे' हे लोकप्रिय झालेले शीर्षक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यातील 'इकस' वगळता सर्व शब्द कोणाही मराठी वाचकास कळतात. 'इकस'मधील आद्य वकाराचा लोप इतर ग्रामीण बोलींतही आढळतो, म्हणून तो निर्णायक नव्हे. शीर्षकाला खानदेशी ठरवतो तो '-स' हा वर्तमानकाळाचा प्रत्यय. एका प्रत्ययाने आपल्या श्रोत्याला हाक मारावी आणि परक्यालाही दाराशी अडवू नये, ही योजना चतुर आहे. 'हाई झुमकावाली पोर' या शीर्षकात तेच काम 'हाई' हे दर्शक सर्वनाम करते.

परंतु अहिराणीला सर्वमान्य लेखनपद्धती नाही. 'आहे' या अर्थी 'से' आणि 'शे' अशी दोन्ही रूपे आढळतात. त्यांपैकी एक ठळक अक्षरांत छापले, की दुसरे रूप बोलणाऱ्याला ते गाणे शेजारच्या तालुक्याचे वाटू लागते. व्याकरणकार असा निर्णय वर्षानुवर्षे लांबवू शकतो. अक्षरे रेखाटणाऱ्याला तो त्याच संध्याकाळी घ्यावा लागतो. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाने १९०७ मध्ये खानदेशीची नोंद भिल्ल भाषांच्या खंडात केली. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे १८ लाख भाषक स्वतंत्रपणे नोंदले गेले. वर्गीकरणाच्या या वादाशी वेष्टनकाराला कर्तव्य नसते, पण लिखित रूप रूढ करण्याचे काम नकळत त्याच्याकडेच आले आहे.

या वेष्टनांचे उणेपण अन्यत्र आहे. शीर्षक अहिराणी असले, तरी गीतकार, संगीतकार, निर्माता ही श्रेयपदे बहुधा प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत असतात. बोलीकडे लाडिकपणा आणि विनोद सोपवले जातात. कर्तृत्वाची नोंद मात्र दुसऱ्या भाषेत होते. विक्रीच्या दृष्टीने यात काही चुकले असे म्हणता येणार नाही, कारण नामपूरच्या श्रोत्यालाही श्रेयनामावली अशीच वाचण्याची सवय आहे. ही सवय वेष्टनाने निर्माण केलेली नाही. पण 'इकस' छापण्याचे धैर्य ज्याने दाखवले, त्याने 'गाणं कोणी लिखं' एवढे तरी त्याच अक्षरांत छापून पाहावयास हरकत नव्हती.