जगाचा आकडा आणि तालुक्याचं रजिस्टर : आरएच आजारावरचे दोन पेपर

सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा जागतिक आकड्याचं असतं. तो आकडा आला कुठून, हे मात्र आपण क्वचितच बघतो. आज असे दोन आकडे तपासू.

आधी विषय. आई आरएच-निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं रक्त मिसळून आईच्या शरीरात अँटिबॉडी तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. पुढच्या खेपेला या अँटिबॉडी वारेतून जाऊन बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. मग रक्तक्षय, तीव्र कावीळ, मेंदूला इजा, कधी पोटातच मृत्यू. अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. एक डोस २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर दुसरा प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत. इंजेक्शन न दिल्यास साधारण १६ टक्के मातांमध्ये अँटिबॉडी तयार होतात. दोन्ही डोस दिल्यावर हजारात एक-दोन.

पहिला पेपर भुतानी आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. त्यांच्या मते २०१० साली जगात ३,७३,३०० बाळांना हा आजार झाला. पण ही मोजणी नाही, मॉडेल आहे. म्हणूनच लेखकांनी २,७१,८०० ते ४,७७,५०० अशी पट्टी दिलीय. आपण उद्धृत करताना पट्टी गाळतो आणि अंदाजाची जनगणना करून टाकतो. इथे चूक लेखकांची नाही, आपली आहे.

दुसरा पेपर पेगोरारो आणि सहकाऱ्यांचा, २०२० चा. किती डोस लागायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती वापरले गेले, याची तुलना करून ते म्हणतात की गरज असलेल्या निम्म्या स्त्रियांना अँटी-डी मिळतच नाही. धोरणासाठी हा आकडा मोलाचा आहे. पण डोस खपला म्हणजे योग्य बाईला वेळेत मिळाला, असं होत नाही. शहरातल्या नर्सिंग होममध्ये दिलेल्या डोसने शिरपूरच्या पाड्यावरची बाई सुरक्षित होत नाही.

आता खान्देशात या. भारतात आरएच-निगेटिव्हचं प्रमाण साधारण ५ टक्के धरतात. अनेक आदिवासी समूहांत ते आणखी कमी सापडतं. चोपडा, यावल, साक्री या तालुक्यांत वस्ती मिश्र आहे. एक लाख बाळंतपणांमागे ५ टक्क्यांनी ५,००० निगेटिव्ह माता होतात, २ टक्क्यांनी २,०००. एक गृहीतक बदललं की औषधाची मागणी अडीचपट हलते! शिवाय हिशोब फक्त जिवंत जन्मांवर बांधला, तर बारा आठवड्यांनंतर गर्भपात झालेली बाई त्यातून सुटते. धोका तिलाही असतो.

म्हणून जळगाव-धुळ्यात काम करणार असाल, तर जागतिक आकडा प्रस्तावनेत ठेवा, पण पट्टीसकट. आणि खरा प्रश्न रजिस्टरला विचारा. माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगट लिहिलेला असतो. तो कितव्या महिन्यात तपासला? निगेटिव्ह निघालेल्या किती जणींची अँटिबॉडी चाचणी झाली? बाळाचा रक्तगट ७२ तासांच्या आत हाती आला का? इंजेक्शनची तारीख आणि वेळ लिहिलीय का? रकाना कोरा असेल तर 'दिलं नाही' असं धरू नका. 'नोंद नाही' असा वेगळा गट करा.

काम कंटाळवाणं आहे. पण औषध पन्नास वर्षांहून जुनं असूनही दुसरं बाळ का दगावतं, याचं उत्तर आता प्रयोगशाळेत कमी आणि अशा रकान्यांत जास्त आहे.