बोर्ड कोणी तासला?

होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये एक जुना ओलो सर्फबोर्ड आहे. लांबी साधारण १६ फूट, वजन ७० किलोंच्या आसपास. ओळख: सरदार पाकीचा बोर्ड. नाव वापरणाऱ्याचं, तासणाऱ्याचं नाही.

हे मला खटकलं ते १८९६च्या 'थ्रम्स ॲन्युअल'मधला हवाईच्या सर्फिंगवरचा लेख वाचताना. लाकडी बोर्ड कसा घडायचा, ते त्यात पायरीपायरीने सांगितलंय. झाड विलीविली, उलू किंवा कोआ. विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद आणि उलू म्हणजे कोकणातला नीरफणस. बुंध्याशी कुमू नावाचा लाल मासा ठेवायचा. झाड पाडल्यावर मुळाशी खड्डा खणून, प्रार्थना म्हणून तो त्यात ठेवायचा. मग दगडी वाकसाने तासायचं, किनाऱ्यावर होड्यांच्या शाकारलेल्या खोपीत आणून खडबडीत पोवळ्याने घासायचं, शेवटी काळा रंग द्यायचा.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हे मला आधी उत्तम डॉक्युमेंटेशन वाटलं. क्रम चोख, पाल्हाळ नाही. मासा ही झाडाची किंमत, असं लेख सरळ सांगतो. उगाच गूढ करत नाही. कारागिरीवरच्या आजच्या चकचकीत रील्सपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

पण लेख थांबतो तिथेच खरं काम सुरू होतं. कड किती पातळ ठेवायची? घासणं कधी थांबवायचं? हे हाताला कळतं, आणि लेखात हातच नाहीत. झाड पाडलं जातं, लाकूड तासलं जातं, कोण तासतं? खुद्द लेखकसुद्धा 'कोना भागातला एक रहिवासी' एवढाच. अनुवादक नाकुइना यांचं नाव मात्र छापलंय.

पुढे १९२०च्या दशकात टॉम ब्लेकने म्युझियममधले जुने बोर्ड दुरुस्त केले, त्यांच्यावरून स्वतःचा पोकळ बोर्ड बनवला आणि १९३२मध्ये पेटंट मिळवलं. त्याचं नाव राहिलं, ते योग्यच. पण ज्यांच्या हातांनी तो आकार शोधला, ते कुठल्याच कागदावर आले नाहीत.

आमच्याकडे 'आजोबांचा झोपाळा' आहे. आजोबा त्यावर फक्त बसायचे. लेख संपवून मी बाबांना फोन केला. "बाबा, आपला झोपाळा केला कोणी?"

ते जरा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, "एक सुतार यायचे रे. नाव आजीला माहीत होतं."