मोसंबीची साल आणि रस : प्रतिमापरीक्षणाची मर्यादा

संगणकाद्वारे फळांची प्रतवारी करताना कॅमेरा आकार, डाग व रंग अचूक टिपतो. तथापि रंगावरून पक्वता ठरविण्याची पद्धत पैठण तालुक्यातील मोसंबीस जशीच्या तशी लावणे सदोष होय. सालीतील हरितद्रव्य ओसरण्यास रात्रीचा गारवा लागतो. त्यामुळे पावसाळ्याच्या अखेरीस उतरणारी आंबे बहाराची फळे रसाने परिपक्व असूनही हिरवीच दिसतात. हिवाळा सोसलेली मृग बहाराची फळे मात्र पिवळी होतात. मृग बहाराच्या प्रतिमांवर शिकविलेले यंत्र आंबे बहारास कच्चा ठरवील, आणि तोटा बागायतदारास सोसावा लागेल. म्हणून दोन्ही बहारांचे नमुने स्वतंत्र घ्यावेत; शिवाय रसातील शर्करा व आम्ल यांचे मापन अथवा ७०० ते ११०० नॅनोमीटरच्या अवरक्त तरंगांची कसोटी प्रतिमेच्या जोडीस असावी. एरव्ही ही परीक्षा केवळ सालीची ठरते.