‘वतनदार’ ते ‘कंत्राटी’

आमच्या साहित्यात झाडू आला, घाण आली, भूक आली. हजेरीचे मस्टर मात्र फारसे आले नाही. माझा आक्षेप इथेच आहे. शोषणाची पहिली ओळ मस्टरवर लिहिली जाते.

रात्रंदिवस गावकी राबणाऱ्या महाराला व्यवस्थेने ‘वतनदार’ म्हटले. पदवी मोठी, पदरात तुटपुंजी जमीन नि बलुत्याचे धान्य. या फसव्या मानावर घाव घालण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

तोच डाव आज शहरात ‘कंत्राटी’ या शब्दाने खेळला जातो. रस्ता महापालिकेचा, कचरा उचलण्याची जबाबदारी महापालिकेची; मजूर मात्र कंत्राटदाराचा! न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्येच ‘हुसेनभाई’ खटल्यात बजावले होते की, मधल्या कंत्राटदाराचा पडदा दूर सारा आणि कामगाराच्या पोटावर ताबा कुणाचा ते पाहा. तरीही मुंबईच्या २,७०० सफाई कामगारांचा कायम नोकरीचा हक्क सर्वोच्च न्यायालयात शाबूत ठरायला २०१७ उजाडले. ती लढाई कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवली.

जातीने काम लादले, कंत्राटाने मालकाची जबाबदारी पुसली. म्हणून आमच्या समीक्षेने नुसती वेदना मोजत बसू नये. कामगाराला खोटे नाव देणारा हात कुणाचा, हे विचारावे.