कलेची परदेशवारी

बुवापाड्यांतील मुलेंही आतां कोरियाच्या मालिका आवडीनें पाहतात. तेव्हां आपल्या कलेनें परदेशांत देशाचें वजन कधीं वाढावयाचें, असें कित्येक सुज्ञ गृहस्थ विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु परक्यांना रुचेल असें कांहीं मुद्दाम घडवावें, हा त्यांचा उपाय आम्हांस पटत नाहीं.

तो प्रयोग पूर्वींच झाला आहे. हिमांशु राय यांनीं जर्मन साह्यानें १९२५ सालीं 'प्रेम संन्यास' काढला. त्याचा आरंभच युरोपीय प्रवाशांना हिंदुस्थान दाखवून होतो! युरोपांत कौतुक झालें. येथें चित्रपट चालला नाहीं.

उलट दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) पाहावा. 'प्रभात'नें तो मराठी घरांसाठीं काढला. पागनीसांचा तुकाराम गोड आहेच, परंतु आमच्या मतें चित्रपटाचा प्राण म्हणजे गौरी यांची आवली. आजारी मुलाला ओढीत ती देवळांत शिरते आणि विठोबावर वहाण उगारते. पंढरी ठाऊक नसलेल्यासही ती आई कळते. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत हा चित्रपट नांवाजला गेला. तेव्हां आपलें राज्यच नव्हतें. मग वकिलाती कोठून असणार?

त्याच व्हेनिसला २०१४ सालीं चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'नें पारितोषिकें मिळविलीं. विषय काय, तर शाहिरावरील खटला आणि गटारांत उतरणाऱ्या कामगाराचा मृत्यु. देशाचे वाभाडे परक्यांपुढें काढले, असें ज्यांस वाटतें त्यांनीं एवढें स्मरावें कीं, सर्वोत्कृष्ट कथापटाचें राष्ट्रीय पारितोषिकही पुढें त्यासच मिळालें.