‘झटपट थाई’ : वीस मिनिटांत काय मावतं, काय मावत नाही

पाककृतीचं परीक्षण म्हटलं की पदार्थ करून बघायचा आणि चांगला झाला की वाईट ते सांगायचं, असा समज असतो. आज आम्ही थोडं वेगळं करणार आहोत. पाककृती हा एक मजकूर आहे असं धरून तो वाचणार आहोत. तो काय आश्वासन देतो, काय लपवतो आणि कुणाच्या भरवशावर उभा राहतो, हे पाहायचं आहे. नमुना घेतलाय आपल्या मराठी स्वयंपाकघरांत गेल्या काही वर्षांत भरपूर आलेला एक प्रकार : ‘झटपट थाई’, ‘वीस मिनिटांत थाई करी’, ‘थाई-प्रेरित नूडल्स’. कुणा एका लेखिकेवर किंवा पुस्तकावर आमचा रोख नाही. प्रकार इतका साचेबंद झालाय, की एक वाचली की दहा वाचल्यासारख्या होतात.

आधी ‘झटपट’ या शब्दाकडे पाहू. अशा पाककृतीतली साहित्याची यादी नीट वाचा. ‘सोललेला लसूण आठ पाकळ्या. बारीक चिरलेला गवती चहा दोन काड्या. किसलेलं आलं एक चमचा. उभ्या कापलेल्या भाज्या दोन वाट्या. नारळाचं दाट दूध दोन वाट्या.’ आणि मग ‘कृती’ या मथळ्याखाली घड्याळ सुरू होतं. सोललेला, चिरलेला, किसलेलं, कापलेल्या : सगळं काम विशेषणांत गेलं! क्रियापदांना वीस मिनिटं लागतात हे खरंच आहे. पण विशेषणांना पाऊण तास लागतो, आणि तो मोजलेला नाही. (हशा)

हसण्यासारखं आहे, पण यात एक गंभीर गोष्ट आहे. संध्याकाळी सातला कामावरून घरी येणारी बाई – आणि बहुतेक घरांत अजून बाईच – त्या वीस मिनिटांवर विश्वास ठेवून कामाला लागते. साडेआठ वाजतात, पोरं भुकेली, ओट्यावर पसारा. ती म्हणते, ‘आपल्याला जमलं नाही.’ पाककृती खोटं बोलली असं ती म्हणत नाही. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’वर मराठी घरांनी इतका विश्वास का टाकला? प्रमाण वाटी-चमच्यात होतं आणि ते पाळलं तर पदार्थ व्हायचा. वेळ हेसुद्धा एक प्रमाणच आहे. मीठ चुकीचं सांगितलं तर आपण पुस्तक मिटून ठेवतो, मग वेळ चुकीची सांगितली तर का चालवून घ्यायचं?

आता दुसरा मुद्दा : पदार्थाची निवड. झटपट म्हणून सर्वांत जास्त वेळा काय दिलं जातं? ग्रीन करी. म्हणजे थाई घरगुती स्वयंपाकातल्या खटपटीच्या पदार्थांपैकी एक. तिचं वाटण असतं हिरव्या मिरच्या, गवती चहाचा खालचा गड्डा, कुलिंजन, माक्रुत लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं, लसूण, लहान कांदे, धणे, जिरं, मिरी आणि ‘कपी’ नावाची आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट यांचं. हे सगळं खलबत्त्यात ठेचायचं. मिक्सरमध्ये का नाही? तर पाट्यावरचं वाटण आणि मिक्सरचं वाटण यांतला फरक ज्यांच्या आजीनं कधी सांगितला असेल त्यांना उत्तर माहीत आहे. मिक्सरचं पातं फिरायला पाणी लागतं. पाणी घातलं की वाटण परतलं जात नाही, शिजतं. खमंगपणा तिथंच जातो.

त्यापुढची पायरी आणखी महत्त्वाची, आणि मराठीतल्या बहुतेक कृतींत ती आम्हाला दिसतच नाही. कोकणात आपण नारळाचं दाट दूध शेवटी घालतो आणि उकळू देत नाही. का? फुटू नये म्हणून. मध्य थायलंडच्या पद्धतीत ते मुद्दाम फोडतात. दाट दूध कढईत आटवायचं, तेल सुटू द्यायचं आणि त्या सुटलेल्या तेलात वाटण परतायचं. पातळ दूध नंतर. म्हणजे ‘तेल सुटेपर्यंत परतणे’ ही आपल्याच रोजच्या बोलण्यातली खूण इथं लागू पडते, फक्त तेल वेगळं. पण डब्यातल्या अनेक नारळी दुधांमध्ये गवार गमसारखा पदार्थ घातलेला असतो. तो घालतातच मुळी दूध आणि तेल वेगळं होऊ नये म्हणून. मग ते फुटणार कसं? कृती म्हणते, ‘पेस्ट आणि डब्यातलं दूध एकत्र करून उकळा.’ जे होतं ते हिरवट, गोडसर सूप. वाईट लागत नाही, पण करी जिच्यामुळे करी होते ती पायरीच त्यात नाही. एवढं एक वाक्य लिहिलं असतं – ‘डब्यातलं दूध फुटत नसेल तर वाटण आधी थोड्या तेलात परतून घ्या’ – तर पाच मिनिटं वाढली असती आणि पदार्थ वाचला असता.

इथं कुणी म्हणेल, हे सगळं अस्सलपणाचं वेड आहे. तर आता त्या बाजूचीही झडती घेऊ. डेव्हिड थॉम्प्सन या ऑस्ट्रेलियन शेफचं ‘थाई फूड’ हे पुस्तक २००२ साली आलं. सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ, जुन्या सयामी स्वयंपाकाचा इतिहास, आणि तडजोड जवळजवळ नाही. आम्ही ते मोठं पुस्तक मानतो. पण ते रोजच्या रात्रीच्या जेवणाला उपयोगी नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. चूक त्यांच्या वाचकांपैकी काहींची, जे त्याला सोवळं करून टाकतात.

कारण ‘अस्सल’ म्हणजे काय हे विचारलं की पाय घसरतो. पॅड थाईच घ्या. आज जगभर थायलंडची ओळख असलेला हा पदार्थ फार पुरातन नाही. प्लेक फिबुनसोंगक्राम १९३८ साली पंतप्रधान झाले. १९३९ मध्ये सयामचं नाव थायलंड केलं गेलं. लोकांनी काय घालावं, कसं बोलावं, राष्ट्रगीताला कसं उभं राहावं, याचे फतवे निघाले. त्याच राष्ट्रउभारणीच्या काळात नूडल्स खाण्याचा सरकारी प्रचार झाला आणि पॅड थाई राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आला. पण त्या नूडल्सना ‘क्वेतिआओ’ म्हणतात, आणि हा शब्द चिनी. परतण्याची रीत चिनी. मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आशियात आलेली, जशी ती गोव्यात आपल्याकडे आली. २००२ पासून थाई सरकारनं परदेशांत थाई उपाहारगृहं वाढवण्याची मोहीमच हाती घेतली. म्हणजे ज्या ‘थाई’ चवीला आपण मूळ समजतो, तिच्यातही ठरवून केलेली रचना आहे. तेव्हा ‘हे अस्सल नाही’ एवढं म्हणून कुठल्याही पाककृतीचं परीक्षण संपत नाही.

मग कसोटी कोणती? आमच्या मते कसोटी अशी : पदार्थाचं स्वतःचं जे तर्कशास्त्र असतं ते कृतीनं वाचकाला दिलं का? कुठली वस्तू कशासाठी आहे हे कळलं, तर वाचक तडजोड स्वतः करू शकतो. नाही कळलं, तर तो बाटल्या विकत आणत राहतो.

गंमत म्हणजे थाई स्वयंपाकात खरोखरचं झटपट भरपूर आहे. ‘खाइ चिआओ’ घ्या. अंड्यात फिश सॉस घालून फेटायचं, भरपूर कडक तापलेल्या तेलात ओतायचं, फुगलं की उलटायचं, गरम भातावर ठेवायचं. पाच मिनिटं. किंवा ‘तोम याम’. गवती चहा, कुलिंजन, लिंबाची पानं ठेचून पाण्यात उकळायची, कोळंबी घालायची आणि लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. ती पानं-काड्या खायच्या नसतात. आपण आमटीतला कढीपत्ता ताटाच्या कडेला काढतो तशा काढायच्या. २०२४ मध्ये कोळंबीच्या तोम यामची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. असा वारसा, आणि शिजतो वीस मिनिटांच्या आत!

आणि ‘पॅड क्रपाव’. लसूण-मिरची ठेचून तेलात, त्यावर खिमा, फिश सॉस, चिमूटभर साखर, शेवटी मूठभर पानं; भातावर वाढायचं, वर तळलेलं अंडं. बँकॉकच्या गाडीवर हे तीन-चार मिनिटांत मिळतं. पण का मिळतं? गाडीवाला एका वेळी एकच प्लेट करतो म्हणून. आपली कृती सांगते, ‘चार जणांसाठी’. घरच्या गॅसवर चौघांचं एकदम कढईत टाकलं की पाणी सुटतं आणि परतायचं ते उकडत बसतं. लोखंडी कढई तापवून एकेकाचं वेगळं केलं तर चार वेळा करूनही लवकर होतं आणि चांगलं होतं.

याच पदार्थात मराठी कृतींनी एक मौन पाळलंय. क्रपावची पानं म्हणजे कोण? आपली तुळस. वृंदावनातली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं तीच जात. कृतींमध्ये मात्र ‘बेसिल’ लिहून वेळ मारून नेली जाते, आणि वाचक पिझ्झावरचं गोड बेसिल आणतो. त्या पानाला तुळशीचा लवंगेसारखा तिखटपणा नाही. आता तुळस खिम्यात घालायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. अनेकांना ते रुचणार नाही, आणि त्यात गैर काही नाही. पण लिहिणाऱ्यानं सांगावं तर खरं! आणि हेही सांगावं, की नको असेल तर सब्ज्याचं झाड लावा. सब्जा ज्याचं बी, त्याच जातीतलं ‘होराफा’ हे थाई पान. ते घालून परतलेला पदार्थही थायलंडमध्ये आहे, त्याचं नाव वेगळं. नाव बदला, पदार्थ प्रामाणिक राहील.

पर्यायी जिनसांचं असंच. पॅड थाईला आंबटपणा चिंचेचा आणि गोडी माडाच्या झाडांच्या गुळाची. मराठी घरात चिंच-गूळ नाही असं होतं का? आमटीचं निम्मं शास्त्र त्यावर उभं आहे. तरी कृतीत येतं व्हिनेगर आणि टोमॅटो केचप, कारण आपल्याकडे ‘पूर्वेकडचं’ म्हटलं की गाडीवरच्या चायनीजचं कपाट उघडतं. कोथिंबिरीची जुडी आपल्याला मुळांसकट मिळते आणि मुळं आपण कचऱ्यात टाकतो. थाई वाटणाचा तो कणा आहे. गवती चहाची पाती आपण चहात घालतो. त्यांना हवा बुंधा. तांदूळ मोकळा बासमती लिहितात. रस्सा शोषणारा, मऊ, सुवासिक भात हवा असेल तर आंबेमोहोर जास्त जवळचा.

आता शाकाहाराचा प्रश्न, जो नेहमी येतो. फिश सॉसच्या जागी सोया सॉस म्हणजे भ्रष्टाचार, असं काही जण म्हणतात. थायलंडमध्ये ‘जे’ नावाची स्वतःची शाकाहारी परंपरा आहे, मूळची चिनी वस्तीतली. तिच्या नऊ दिवसांच्या उत्सवात मांस-मासळी तर नाहीच, लसूण-कांदाही वर्ज्य. २०२३ मध्ये हे दिवस आणि आपलं नवरात्र अगदी बरोबर आलं होतं. त्या स्वयंपाकात खारटपणा सोयाचाच असतो. म्हणजे शाकाहारी थाई ही मुंबई-पुण्यानं काढलेली पळवाट नाही. ‘जे’ची ओळख करून देणारी कृती वाचकाला एक दार उघडून देते. ‘फिश सॉस नसला तरी चालेल’ म्हणणारी दार नुसतं लोटून ठेवते.

शेवटचं. थाई जेवणात आंबट-खारट-गोड-तिखट यांचा तोल एकाच वाडग्यात असावा असा आग्रह नसतो. भात मध्ये आणि भोवती चार पदार्थ : एक रस्सा, एक तिखट चटणी, एक परतलेलं, कच्च्या भाज्या. आपल्या ताटाची डावी-उजवी बाजू आठवा. एक-ताटी पदार्थ त्यांच्याकडेही आहेत, पण त्यांच्याबरोबरही टेबलावर मिरची घातलेला फिश सॉस असतो, म्हणजे शेवटचा तोल खाणारा राखतो. झटपट कृती सगळा तोल एकाच कढईवर टाकते, आणि म्हणून ती इतकी गोड, इतकी दाट होते. साधा भात, परतलेली एक भाजी, अंडं आणि वाटीभर तिखट-आंबट चटणी : हे वीस मिनिटांत बसतं, आणि थाई जेवणाच्या जास्त जवळ जातं.

तेव्हा आमचा निकाल असा. झटपट करण्याला आमची हरकत नाही. दमून आलेल्या माणसाला चांगलं जेवण मिळणं हे अस्सलपणापेक्षा मोठं आहे. हरकत आहे ती चुकीचा पदार्थ निवडून, काम विशेषणांत लपवून, दोष करणाऱ्यावर ढकलण्याला.

प्रश्न (श्रोत्यांमधून) : मग तयार करी पेस्ट वापरायचीच नाही का?

उत्तर : जरूर वापरा. थायलंडमध्येही बाजारातून तयार वाटण आणून करी करणारी घरं पुष्कळ आहेत. फक्त तेल सुटेपर्यंत परता, आणि पाकिटावरचे घटक वाचून मीठ जपून घाला, कारण त्यात ते आधीच भरपूर असतं.